केरूअण्णांचं वजन

मंडळी, ऐका! आज तुम्हाला एकच प्रश्न. माणसाचं वजन कशावरून कळतं?

काट्यावरून? अहो, काट्यावर कांद्याची गोणीसुद्धा चढते! मग किती उचलतो त्यावरून? ... थांबा, मी काही सांगणार नाही. याचं उत्तर देणार आहेत आंबेखोऱ्याचे केरूअण्णा. तेही गादीवर बसून नाही — हवेत लटकून!

केरूअण्णा म्हणजे गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. आता हा 'माजी' शब्द फार वाईट बघा! खुर्ची जाते, पण बसण्याची ऐट काही जात नाही. पुढं बसलेले दोघं हसले नाहीत... असू द्या, समजलं मला!

तर अण्णांची डाळिंबाची बाग, दारात छोटा ट्रॅक्टर आणि घरात गिरजाबाई. वीस वर्षं त्या माउलीनं उकिरड्यावरचं शेणखत पाटी-पाटीनं बागेत नेलं. यंदा कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता पाटी डोक्यावर घेतली तर अंथरूण धराल." झालं! बहार धरायचा दिवस जवळ आला, खत तर टाकायलाच हवं. अण्णांच्या काळजात चर्र झालं. माणूस वाईट नव्हता हो! म्हणाले, "ट्रॅक्टरला पुढं खत उचलणारा लोडर बसवतो. तू नुसती सावलीत बसून बघ."

निघाले दोघं तालुक्याला. दुकानात मुनीरभाई फिटर. त्यांनी ट्रॅक्टर कोणता, केवढा, सगळं विचारलं आणि एक छोटा लोडर दाखवला. म्हणाले, "अण्णा, तुमच्या गाडीला हा पेलेल. पण एक लक्षात ठेवा, मागं वजन पाहिजे."

अण्णा ताठ झाले! "वजन? अहो मुनीरभाई, माझं वजन तालुक्यात कुणालाही विचारा! तहसीलदार उठून उभे राहतात!"

"तहसीलदार नको अण्णा, दगड पाहिजेत. मागच्या लिफ्टला पेटी लावायची, दगडांनी भरायची. नाहीतर पुढं उचलाल आणि मागची चाकं सुटतील."

पण अण्णांचं लक्ष कुठं? कोपऱ्यातल्या मोठ्या लोडरवर! कारण भावबंद तुळशीरामानं तसलाच घेतला होता. आता तुळशीरामाचा ट्रॅक्टर अण्णांच्या दुप्पट — पण भावबंदकीत ट्रॅक्टर कोण मोजतो, मंडळी? शेजाऱ्यानं कुंपण घातलं की आपण भिंत बांधायची!

गिरजाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, भाई म्हणतात ते बरोबर आहे. पोटुशी बाई बघा कशी चालते, पाठ मागं टाकून. पुढं ओझं आलं की मागं रेटा लागतोच."

"तुला काय कळतंय मशीनमधलं?"

माउल्यांनो, हे वाक्य ओळखीचं वाटलं का? ... बघा, बायकांच्या बाजूनं कसा आवाज आला! मृदंगवाले, तुम्ही का खाली बघताय?

आणला मोठा लोडर. दगडांची पेटी? छे! चेअरमनच्या ट्रॅक्टरमागं दगड शोभतात का? दुसऱ्या दिवशी सकाळी गाव गोळा झालं. हार घातला, नारळ फोडला. गिरजाबाईंनी पाचजणींबरोबर मशीनला ओवाळलं. तुळशीराम पुढं उभा, हाताची घडी घालून. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि लोडर उकिरड्यात घुसवला. ओलं शेणखत, लोडरची बकेट शिगोशीग!

अण्णांनी दांडा ओढला. बकेट उठली. लोक म्हणाले, "वाऽ!" अण्णांनी आणखी ओढला. आणि मंडळी... मागची चाकं उठली! पुढं नाक मातीत, मागं शेपूट आभाळात, आणि मधे आपले माजी चेअरमन, स्टिअरिंगला मिठी मारून! फेटा गेला उकिरड्यात. वर कोणता दांडा, खाली कोणता, काही म्हणजे काही आठवेना.

आता संकटात माणूस कुणाला हाक मारतो? देवाला! पण अण्णांनी कुणाला मारली?

"गिरजेऽऽ!"

अख्ख्या गावाच्या माना वळल्या. अहो, लग्नाला तीस वर्षं झाली, चारचौघांत 'अगं' आणि 'ऐकलंस का' यापलीकडं बाईचं नाव कधी तोंडातून निघालं नव्हतं! आज उकिरड्यावर निघालं.

गिरजाबाई पदर खोचून पुढं झाल्या. "घाबरू नका! हातातला दांडा पुढं ढकला. हळू... हळू... आधी ओझं खाली ठेवा!" दांडा कसा चालवायचा ते मुनीरभाई दुकानात सांगत होते, तेव्हा त्यांनी कान देऊन ऐकलं होतं ना! अण्णांनी दांडा ढकलला. बकेट खाली टेकली, चाकं धरणीला लागली. अण्णा उतरले ते थेट उकिरड्यातला फेटा उचलायला. तुळशीराम हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "हस बाबा, मनसोक्त हस. मी पण हसलो असतो."

मोठा लोडर परत गेला, छोटा आला. आणि मागं पेटी! ओढ्यातले दगड अण्णांनी स्वतः वाहिले, गिरजाबाईंना एक उचलू दिला नाही. खत वेळेवर बागेत पडलं, माउलीची कंबर वाचली.

आता लोक ट्रॅक्टरच्या पुढं लिहितात देवाचं नाव. अण्णांनी मागच्या पेटीवर रंगानं लिहिलं — गिरजा!

बाई रागावल्या. "दगडांच्या पेटीला माझं नाव दिलंत होय?"

अण्णांनी हातातला ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "अगं, पुढं काय उचललं ते सगळ्या गावानं बघितलं. मागं तू होतीस म्हणून माझे पाय जमिनीवर राहिले. हे बघायला मलाच तीस वर्षं लागली."

गिरजाबाई पेटीकडं वळल्या. पेटीतला एक दगड हलत होता, तो तेवढा नीट बसवला.

मिळालं उत्तर? माणसाचं वजन त्याच्या मागं असतं, मंडळी! तुम्ही सरपंच झालात, बागायतदार झालात, बुवा झालात — हो, हा बुवासुद्धा आला त्यात! इकडं मी तोंड चालवतोय, तिकडं माझे मागचे टाळकरी थांबले तर माझी चाकं सुटलीच म्हणून समजा. तर आज घरी गेल्यावर मागं वळून बघा, कोण उभं आहे. आणि नावानं हाक मारा. त्यासाठी उकिरड्यात पडायची वाट बघू नका!

चला, उचला टाळ — पण पेलतील तेवढेच!