तोफेशेजारचा मावळा

बाळांनो, असं समजा, की बिबवेवाडीच्या बसथांब्यावर तुम्ही सुशीलाबाईंच्या मागे रांगेत उभे आहात. दिवाळी परवाच संपली आहे. बाईंच्या पुढे निकिता आणि तिची आठ वर्षांची मुलगी सृष्टी उभ्या आहेत, आणि बाईंचे कान त्या दोघींकडेच लागले आहेत.

“आई, आज तुझी परीक्षा ना?”

“हो. सर म्हणाले, मागच्या वेळी तुमचं संशोधन कुणालाच कळलं नाही. आज परीक्षकांना साध्या शब्दांत सांगा.”

“मग मला सांगून बघ.”

“कॉम्प्युटर माहिती ठेवताना वस्तू सुटी करून वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवतो. पुन्हा हवी झाली, की जुळवत बसतो. मी म्हणते, वस्तू अख्खी ठेवावी. कोण कुणाशी जोडलेलं आहे, त्यासकट.”

“असं तू म्हणतेस?”

“हो. का गं?”

“मग काल माझा किल्ला कुणी आवरला? मावळे एका डब्यात, तोफा दुसऱ्यात, झाडं तिसऱ्यात! कोण कुठे उभा होता, ते पुढच्या दिवाळीत कोण सांगणार?”

“अगं, माळ्यावर डबे तसेच नीट बसतात.”

“कॉम्प्युटरपण हेच म्हणत असेल.”

सुशीलाबाईंना राहवलं नाही. “अहो, परीक्षक घरातच असताना आपण बसने कुठे निघालात?”

निकिता हसली आणि लेकीकडे वळली. “सृष्टी, हे किल्ल्याचं मी आज तिथे सांगू?”

सृष्टीने खिशातून डब्यांपासून वाचवलेला एक मावळा आणि एक तोफ काढली. वेणीचं रबर सोडून तिने दोघांना एकत्र बांधलं आणि ती जोडी आईच्या पर्समध्ये ठेवली.