शनिवारचा सामना व्हायलाच हवा

सुधाकाकू, गौरी, आणि एवढ्या बर्फातून गाडी चालवत आलेल्या सगळ्यांनो. मला बोलायला सांगितलंय खरं. वसंतकाकांबद्दल 'होते' म्हणायची जिभेला अजून सवय नाही. थांबत थांबत बोलेन. सांभाळून घ्या.

मागच्या रांगेत ते उंच गृहस्थ बसलेत ना, ते कोच डॅन. दोन तास गाडी चालवून आलेत. माझी नेहा त्यांना सगळं इंग्लिशमधून सांगतेय. नेहा, मी हळू बोलते, तू काही गाळू नकोस.

तुमच्यापैकी बरेच जण काकांना गणपतीत भेटायचे. मला ते भेटले शाळेच्या जिममध्ये. त्यांची गौरी आणि माझी नेहा तेव्हा एकाच बास्केटबॉल टीममध्ये. शाळा एवढीशी. मोठ्या शाळांशी खेळायचं म्हणजे नुसता मार खायचा. म्हणून अशा सहा लहान शाळांनी आपसात खेळायला एक कॉन्फरन्स, म्हणजे आपली छोटी लीग, केली होती. तिचं नाव आज आपल्या या ट्रॉय गावात कुणाला आठवत नसेल.

पहिल्याच वर्षी पाहुणी टीम आमच्याकडे आली. काका म्हणाले, पाहुण्यांना उपाशी पोटी खेळवायचं? शोभतं का आपल्याला? आणि सामन्याच्या आधी त्या मुलींना पुरी-भाजी वाढली. वर शिरा. तोही आग्रह करकरून. मग व्हायचं तेच झालं. पोरींना धावता येईना. एक तर पोट धरून बेंचवर बसली. आम्ही जिंकलो, आणि त्यांचे कोच कमरेवर हात ठेवून काकांपुढे उभे राहिले. हेच ते डॅन. मला वाटलं, आता भांडण होतंय. तर म्हणाले, "नेक्स्ट टाइम, आफ्टर द गेम. अँड सेव्ह सम फॉर मी."

तेव्हापासून रीतच पडली. खेळ झाला की यजमान शाळेनं जेवण द्यायचं. दोन्ही टीमनी एकाच टेबलावर बसायचं. हरलेल्यांनी आधी वाढून घ्यायचं. सहाही शाळांनी ती रीत पाळली. कुणी राजम्याची चिली आणायचं, कुणी पास्ता. कोपर मारलेली मुलगी आणि कोपर खाल्लेली मुलगी शेजारी शेजारी जेवायच्या. त्या कॉन्फरन्सचा इतिहास मला विचाराल तर एवढाच. ट्रॉफी कधी कुणी नेली ते मला आठवत नाही.

मग एक शाळा बंद पडली. दोन शाळा एकत्र झाल्या आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेल्या. आणखी एकीला टीमच जमेना. उरलो आम्ही आणि कोच डॅनची शाळा. शेवटच्या मीटिंगमध्ये कॉन्फरन्स बरखास्त करायचं ठरलं. पालकांच्या वतीनं काका होते, त्यांनी हात वर केला नाही. बाहेर पार्किंगमध्ये मी म्हटलं, काका, संपलं आता, सोडा. चिडले माझ्यावर. म्हणाले, "कॉन्फरन्स मोडली ती त्यांनी. आपण खेळायचं थांबायला कुणी सांगितलंय?"

आणि थांबले नाहीतच. दर हिवाळ्यात या दोन शाळांचा सामना त्यांनी लावून धरला. याच्या हातापाया पडून, त्याच्या गळ्यात पडून. गौरी आज त्याच टीमची कोच आहे. सात मुली आहेत तिच्याकडे. बाकीचे सामने एकेक करून कॅन्सल झाले. शाळेनं तिला स्पष्ट सांगितलंय, हा शनिवारचा सामनाही झाला नाही तर पुढच्या वर्षी टीम नाही.

काका मंगळवारी गेले. बुधवारी गौरीचा मला फोन. "मावशी, आय कान्ट. कॅन्सल करते. बाबा नाहीत, मी त्या जिममध्ये कशी उभी राहू?" बाप गेलेल्या लेकीला काय सांगायचं? तिचं काही चुकत नव्हतं.

पण मला राग येतोय. कुणाचा, ते धड कळत नाही. बहुतेक काकांचाच. आठवडाभर थांबायला काय झालं होतं? आणि त्या सात मुलींनी कुणाचं काय घोडं मारलंय? मोठ्या शाळांच्या टीममध्ये त्यांना बेंचवरसुद्धा जागा मिळायची नाही.

आत येताना कोच डॅन मला दारात भेटले. बूट झटकत होते. त्यांनी एकच शब्द विचारला, "सॅटरडे?" मी म्हटलं, "येस."

गौरी, तुला न विचारता म्हटलं. चिडलीस तरी चालेल. आता सगळ्यांसमोर विचारते. रडू आलं तर तिथेच रड, मुलींना कळेल. बेंचवर तुझ्या एका बाजूला मी बसेन, दुसऱ्या बाजूला तुझी आई. स्वयंपाकाचं आम्ही सगळ्या बघतो. नाही म्हणालीस तरी तू माझीच आहेस, त्यात फरक पडायचा नाही. पण विचारते. खेळायचं ना, बाळा?

हो म्हणून मान हलवली तिनं. नेहा, कोच डॅनना सांग.

चला, उठू या. काकांसाठी एक मिनिट सगळे शांत उभे राहू. गौरी, थांब, मी खाली येते. माझा हात धर.