लिफ्टमधल्या पाटीचा मजकूर कोणी कापला, त्याबाबत

जबाब देणार : नाव नोंदवहीत लिहून घेतले आहे, पण बाजारात सगळे 'लिफ्टवाल्या वहिनी' म्हणतात. वय त्रेपन्न. धंदा लिफ्ट बसवणे व दुरुस्ती. राहणार दुकानाच्या वर, तिसरा मजला, जिन्याने.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, आमचे दुकान माझ्या यजमानांनी सुरू केले. ते वारल्यापासून मी चालवते. दवाखान्यांच्या इमारतीतल्या लिफ्ट आमच्याकडे देखभालीला आहेत. आज सकाळी त्यातली डावीकडची लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली अडकली आणि थोड्या वेळाने एकदम खाली सरकली. आत दोघे होते. एक शिंपीदादा, डॉक्टरांचे कोट पोचवायला चाललेले. दुसऱ्या माझ्या सासूबाई, डोळे दाखवायला. दोघेही जिवंत आहेत. ब्रेकचा तपास चालू आहे. दोष आमचा निघाला तर आमचा, मी हात झटकणार नाही.

दोघे वाचले कसे, असे हवालदारसाहेबांनी विचारले. ते पाटीमुळे वाचले, आणि पाटी संपादकबाईंमुळे. हा भाग विषयाला सोडून आहे असे साहेब म्हणाले. मी म्हटले, सोडून कसा? तोच तर विषय आहे. लिहून घ्या, नाहीतर मी इथून हलत नाही. तेव्हा त्यांनी लिहून घेतला.

संपादकबाई कंपन्यांचे कागद सुधारून देतात. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली, म्हणून त्यांना बोलावले. मला वाटले, चार कागदांवर लाल रेघा मारतील आणि चहा पिऊन जातील. त्यांनी आधी लिफ्टमधली सूचनांची पाटी मागितली. ती यजमानांनी स्वतः लिहिलेली. 'सन्माननीय प्रवाशांस नम्र विनंती' अशी सुरुवात, सोळा ओळी, मध्ये कंपनीचा इतिहास. त्यांना तिचा फार अभिमान होता. पितळेवर कोरून घेतली होती.

बाई म्हणाल्या, "मला लिफ्टमध्ये कोंडा."

मला थट्टा वाटली. पण थट्टा कसली! "दोन मजल्यांच्या मध्ये थांबवा, दिवा घालवा, आणि मी ओरडले तरी लगेच काढू नका." माझा दीर आमचा मेकॅनिक आहे. त्याने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, कोंड बाबा, हौसेला मोल नाही.

बाहेर आल्या त्या घामाने चिंब. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मी अजून इतिहासच वाचत होते, तोवर माझे हात दार ओढायला लागले होते. दार ओढू नका हे तुमच्या बाराव्या ओळीत आहे. तिथवर कोण पोचणार?"

मग त्यांनी कापायला घेतले. माझा पारा चढला. मी म्हटले, "गेलेल्या माणसाचं लिहिलेलं कापताना तुमचा हात कसा थरथरत नाही हो?" त्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "लिफ्ट अडकली की लोक फोन करत असतील. तेव्हा तुमचे यजमान काय म्हणायचे?"

"काय म्हणणार! निघालोय मी. आत हवा आहे. दारापासून लांब बसा. दार उघडलं तरी बाहेर पडू नका, ती हलते. एवढं बोलून चप्पल घालायचे."

"मग हेच लिहू या," बाई म्हणाल्या. "त्या सोळा ओळींत मला ते दिसलेच नाहीत. आत्ता दिसले."

मी उठून आत गेले.

पुढे त्यांनी हिशेबनीसाला कोंडले, झाडूवाल्या मावशींना कोंडले, मलाही सोडले नाही. आत काय वाचले आणि वाचून काय केले, ते प्रत्येकाला विचारायच्या. 'कळलं का' असे एकदाही विचारले नाही. कळलं का म्हटलं की सगळेच हो म्हणतात, असे त्यांचे म्हणणे. मावशींना ही नवी पाटी शोधावी लागली, म्हणून ती घंटीच्या बटणाच्या वर आणली. अक्षर अंगठ्याएवढे, रंग अंधारात दिसणारा. बिल बघून मी म्हटले होते, बाई, शब्द कमी केलेत आणि आकडा वाढवलात होय? त्या नुसत्या हसल्या. माझे ते बोलणे मी इथे मागे घेते. इतके चोख काम मी आमच्या धंद्यातसुद्धा क्वचित पाहिले आहे.

आज सकाळचे मला सासूबाईंनी सांगितले ते असे. लिफ्ट थांबली, दिवा गेला. शिंपीदादांनी लाकडी मोजपट्टी घालून दार फाकवले. छातीच्या उंचीवर तिसऱ्या मजल्याची फरशी दिसत होती. "आजी, घाबरू नका, मी वर चढून माणसं आणतो," म्हणून त्यांनी एक गुडघा फरशीवर टेकला. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही. पाटी दिसली. त्यांनी मोठ्याने वाचली आणि शिंपीदादांचा कमरेचा पट्टा मागून दोन्ही हातांनी ओढला. "माझा मुलगा सांगतोय ना, बस खाली!" असे त्या ओरडल्या. दोघेही आत आपटले. तेवढ्यात लिफ्ट सरकली. सासूबाईंच्या मनगटाला प्लास्टर आहे. मोजपट्टीचे दोन तुकडे साहेबांच्या टेबलावर आहेत.

सासूबाई आयुष्यात कुणाचे ऐकतील तर शपथ. यजमान गेल्यापासून त्यांनी आपल्या या मुलाचे नावही काढले नव्हते. मीही काढू दिले नाही.

शिंपीदादा बाहेर बाकावर बसले आहेत. मघाशी त्यांची बायको आली. तिला सगळा प्रकार फोनवर कळला होता. तिने नवऱ्याच्या पाठीवरून, कमरेवरून, मांड्यांवरून दोन्ही हात फिरवून पाहिले, सगळा माणूस एका तुकड्यात आहे ना म्हणून. मग मटकन खाली बसली आणि रडली. माझे म्हणणे एवढेच आहे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यातले 'सदर' कमी करा असे मी सुचवले, त्यांनी बरेच काढले. मजकूर मी सांगितला तसाच आणि खरा आहे, म्हणून सही करते.