टिश्यूत गुंडाळलेला बाप

...आणि वर बायको मलाच विचारते, "अहो, तुमचा चेहरा का असा?" आता कसा असणार चेहरा? अख्खी दुपार, अख्खी दुपार हो, माझं तोंड बंद होतं! माझं! तुम्हाला सांगतो, मी भांड्यांच्या दुकानात मिक्सर दाखवणारा माणूस. सकाळी शटर वर जातं तेव्हा माझं तोंड उघडतं, आणि रात्री शटर खाली येतं तेव्हा... तेव्हाही मिटत नाही, उरलेलं घरी येऊन बोलतो! बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात, आमचं तर पोटच त्या मातीवर चालतं. आणि अशा माणसाला गप्प बसवलं कुणी? पोटच्या पोरीनं. कशापायी? वाढदिवसापायी. तिच्याच!

सगळं त्या मोबाईलनं केलं. आमची ही रोज व्हिडिओ बघते. त्यात एक बाई असते, कायम हसतमुख, तिच्या घरात कधी भात करपत नाही की दूध उतू जात नाही, आणि ती गोड आवाजात सांगते, "घरातल्याच वस्तूऽऽ वापरून मुलांची धमाल पार्टी!" झालं. आमच्या घरात घोषणा झाली. हॉल नाही, जादूगार नाही, फुग्यांची कमान नाही... घरातल्याच वस्तू! मीही म्हटलं, वा! मला काय माहीत, घरातल्या वस्तू म्हणजे कुणाच्या वस्तू ते?

डोळ्यांवर पट्टी बांधायच्या खेळाला काय घेतलं? माझा टाय. म्हटलं, "अगं, तुझा स्कार्फ घे की." तर म्हणते, "तो वापरातला आहे. तुम्हाला दुकानात ॲप्रन असतो, टाय कुठे लागतो?" चेंडू करायला मोजे, माझे. नाकानं कापसाचे गोळे उचलायचा खेळ, त्यासाठी नाकाला चिकट फेस हवा, मग दाढीचा फेस कुणाचा? तिचा तर नसणार ना! पुठ्ठ्याच्या अस्वलाला डोळे हवेत, तर माझ्या निळ्या शर्टाची वरची दोन बटणं. वरची दोन! आता तो शर्ट घातला की मी गुंडासारखा दिसतो आणि दुकानात बायका मिक्सर न बघताच पुढे जातात. तिचं एक तरी काही गेलं? एक पिन नाही गेली! विचारलं की उत्तर तयार... "अहो, घरातल्याच वस्तू!"

पण तरी मी गप्प बसलो. का बसलो? आमच्या टिकलीसाठी. टिकली म्हणजे आमची लेक, एवढीशी आहे म्हणून टिकली. आम्ही घर बदललं, तिची शाळा बदलली, आणि नव्या शाळेत हिला कुणी मैत्रीणच नाही हो. मधल्या सुट्टीत जिन्याच्या कोपऱ्यात बसून एकटी डबा खाते. हे तिनं मला नाही सांगितलं, आईला सांगितलं. मला कळल्यावर त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तेव्हा म्हटलं, टाय घ्या, मोजे घ्या, वाटलं तर उरलेला शर्टही घ्या, पण वर्गातली पोरं येऊ देत, आणि एक तरी परत येऊ दे.

आणि त्यातही एक यायलाच हवी होती, वर्गाची मॉनिटर. दोन वेण्या, मान अशी ताठ, ती ज्या बाकावर बसेल तिकडे अख्खा वर्ग झुकतो म्हणे. तिच्या वाढदिवसाला खराखुरा जादूगार होता! टिकली म्हणाली, "बाबा, ती येणार आहे." मी म्हटलं, "येऊ दे! मी आहे ना! मी तिला एक कोडं घालतो, मग त्या ग्राहकाची गंमत सांगतो, ज्यानं मिक्सरमध्ये घड्याळ..." तर आमची टिकली कमरेवर हात ठेवून उभी राहिली, अगदी आईसारखी. म्हणाली, "बाबा, तू बोलायचं नाही."

"थोडंसं पण?"

"थोडंसं तुला येत नाही. तू सुरू झालास की लोक घरी जातात."

घ्या! सात वर्षांची पोर! आणि खोटं तरी कुठे बोलली? मागच्या महिन्यात शेजारचे आले होते, मी जेमतेम दुसऱ्या गोष्टीवर होतो, तर त्यांना अचानक गॅस चालू राहिल्याचं आठवलं. शब्द दिला मी. गळ्याला हात लावून दिला.

तर पार्टी सुरू झाली. पोरं आली, फेस उडाला, मोज्यांचे चेंडू पंख्यावर गेले, आणि तुम्हाला सांगतो, मी भिंतीला टेकून, हाताची घडी, तोंडावर बोट! एका पोरानं विचारलं, "काका, पाणी कुठे?" मी बोटानं दाखवलं. पण माझे ओठ वळवळत होते हो! बायकोनं ते बघितलं. तिला माहीत आहे ना, हा माणूस आता फुटणार. टाळी वाजवून म्हणाली, "मुलांनो, पुढचा खेळ! ममी! पट्ट्या गुंडाळून ठेवलेला जुनापुराणा राजा असतो ना, तो करायचा. टिश्यूचे रोल हे घ्या. आणि राजा..." अख्ख्या खोलीनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विचारलं, मी? तर ती म्हणते, "घरातल्याच वस्तू!"

वस्तू! मी वस्तू! पायापासून सुरुवात. एक डावीकडून गुंडाळतोय, एक उजवीकडून, गुडघे गेले, कंबर गेली, दोन्ही हात अंगाला चिकटून आत गेले. आणि तोंडावर कोण गुंडाळतंय? स्वतः टिकली, स्टुलावर चढून. नाक सोडलं, डोळे सोडले, आणि तोंडावरून फेरा, पुन्हा फेरा, पुन्हा फेरा... अगं, रोल संपला की! वर आईला विचारते, "अजून एक आहे का?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला आज कळलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "केऽऽक!" की सगळी फौज तिकडे पसार. आणि मी? दिवाणखान्याच्या मधोमध, खांबासारखा. नाकाला खाज सुटलीय, खाजवू कशानं?

खालच्या मजल्यावरचे आजोबा दार ढकलून आत आले. मला वाटलं, आता दंग्याची तक्रार करणार. आत पोरांचा एवढा आरडाओरडा, आणि आजोबा बायकोला हाक मारून विचारतात, "सगळं ठीक आहे ना? आज तुमच्याकडे फार शांत शांत वाटतंय, म्हणून आलो." बघा! म्हणजे अख्ख्या इमारतीत आवाज कुणाचा, तर माझा!

आणि मग... ऐका हं, आता खरी गोष्ट. केकची बशी घेऊन मॉनिटर बाहेर आली. एकटीच. माझ्यासमोर उभी राहिली, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि हळूच बोलायला लागली. माझ्याशी! म्हणजे ममीशी. मी माणूस आहे हे विसरूनच गेली ती. म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला जादूगार होता. सगळे त्याच्याकडेच बघत बसले. माझ्याशी कुणी खेळलंच नाही." केकचा घास खाल्ला. मग म्हणते, "मला टिकलीशेजारी बसायचंय. पण मी गेले की ती उठून जाते. मी तिला आवडत नाही."

अहो! आता सांगा! टिकली उठून जाते ती घाबरून! घरी येऊन सांगते, मॉनिटर मोठी आहे, ती कशाला माझ्याशी बोलेल! म्हणजे ही तिला भितेय आणि ती हिला, आणि हे ठाऊक असलेला अख्ख्या जगात एकच माणूस, मी, आणि माझ्या तोंडावर टिश्यूचा अख्खा रोल! उभा जन्म मी फालतू बोलण्यात घालवला, मिक्सरच्या पात्यावर तासन्‌तास बोललो, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलण्यासारखं काही माझ्याकडे होतं... तर "म्म्म!" नुसतं "म्म्म!"

टिकली दारात आली. मॉनिटरला बघितलं आणि नेहमीसारखी मागे वळायला लागली. शब्द मोडावा? ओरडावं? पण ती काय म्हणाली होती... मी सुरू झालो की लोक घरी जातात. मग काय केलं मी? कललो! डावीकडे. मुद्दाम! मॉनिटर किंचाळली, "पडतेय, पडतेय!" आणि मला खांदा लावला. टिकली धावत आली, तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं. मी सरळ झालो. त्या हात काढणार, की मी पुन्हा कललो, उजवीकडे! असं करत करत दोघींना दोन बाजूंना अडकवून ठेवलं. आता एवढा वेळ दोन पोरी एका जड बापाला धरून उभ्या राहिल्यावर काय करणार? आधी हसल्या. मग बोलल्या.

"तू डबा कुठे खातेस?"

"जिन्याच्या कोपऱ्यात."

"मी आले तर उठून जाशील?"

"...नाही."

खरं सांगतो, मला रडू आलं. घळाघळा. आणि टिश्यूच तो! ओला झाला, विरघळला, आणि गालावरून घसरत घसरत माझं तोंड उघडं पडलं. मोकळं! हवा लागली ओठांना! बोलू शकत होतो मी. सगळं सांगू शकत होतो. मुद्दाम कललो, तेही. आणि तुम्हाला सांगतो, या तोंडानं, या एवढ्या मोठ्या तोंडानं, एक अक्षर काढलं नाही. टिकलीनं वर बघितलं. तिला दिसलं, तोंड उघडं आहे आणि बाबा गप्प आहे. तिनं माझ्या टिश्यूत गाल घुसवला आणि म्हणाली, "बाबा, तू आज सगळ्यात छान होतास."

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी माणूस असतो. पण संध्याकाळी मॉनिटरचे वडील न्यायला आले, मी अजून टिश्यूतच, तर ती त्यांचा हात ओढते, "बाबा, पुढच्या रविवारी भावाच्या वाढदिवसाला जादूगार नको. ही ममी हवी." ते मला निरखून बघतात आणि माझ्या बायकोला विचारतात, "बोलते का हो ही?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॉनिटर आणि टिकली, दोघी एका सुरात, "नाऽऽही! तीच तर गंमत आहे!" मागून आणखी एका आईनं विचारलं, "आमच्याकडे पण पाठवाल का?" आणि आमची ही, माझी लग्नाची बायको, काय म्हणाली असेल? "न्या ना! घरातलीच वस्तू आहे."

तर आता पुढचे सगळे रविवार भरलेत माझे. टिकली बजावून झोपायला गेली, "बाबा, तुला गप्प बसायचा सराव करायला हवा. उद्यापासून सुरू." उद्यापासून! म्हणजे माझ्या हातात काय ती आजचीच रात्र. म्हणून तर तुम्हाला गाठलं! बसा हो... उठता कुठे? गॅस? गॅस मी बंद करून येतो तुमचा. बसा, अजून केकचं सांगायचंय!