मिथेन हलला म्हणे

आता मला सांगा, त्या मिथेनला काय झालं होतं जरासं हलायला? सहा वर्षं, तुम्हाला सांगतो, सहा वर्षं एक पोरगी त्याच्या विनवण्या करतेय, की बाबा रे, एक कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढासा तुझा संसार, त्यातल्या एकाचा हात जरा सैल कर, मधे एक ऑक्सिजन बसू दे, की झालं तुझं मेथॅनॉल. आणि मेथॅनॉल झालं की त्याचं प्लास्टिक होतं, रंग होतात, प्लायवुडचा गोंद होतो... पण नाही. हलत नाही, आणि हलला की थांबत नाही.

पोरीचं नाव देवयानी, लखनौच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. पण खरा जीव टांगलेला कुणाचा, तर तिच्या वडिलांचा. श्रीपतराव गजभिये, मूळचे भंडाऱ्याचे, केंद्र सरकारच्या कचेरीत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आता लखनौतच, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर. रसायनशास्त्राशी यांचा संबंध काय? तर काहीही नाही. पण रोज जेवताना पोरीकडून ऐकून ऐकून माणूस इतका तयार झाला होता, की दूधवाल्याला गाठून हिंदीत शिकवायचे, "देखो भैया, कारखाने में भी मिथेन का मेथॅनॉल बनता है, लेकिन घुमा के. पहले आठ-नौ सौ डिग्री पर उसको पूरा तोड़ो, फिर टुकड़े जोड़ो. मतलब खिड़की चाहिए तो पूरा घर गिराओ. हमारी बिटिया सीधे दीवार में खिड़की निकालेगी." दूधवाला म्हणायचा, "अच्छा," आणि पुढच्या दारी जायचा. दुसरं काय करणार बिचारा?

बरं, नुसतं हलवून भागतं का? मेथॅनॉल हे मिथेनपेक्षा लवकर जळतं, म्हणजे वायू हट्ट सोडून एकदा बदलायला लागला, की मेथॅनॉलवर न थांबता तडक धूर होऊनच थांबतो, हाती भोपळा. हे समजायला श्रीपतरावांना दोन वर्षं लागली. त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, फोडणी हलवता हलवता एका वाक्यात निकाल लावला, "म्हंजे लसणावानी. बराच वेळ पांढराचा पांढरा, अन् मान वळवली का काळा." देवयानी म्हणाली, "हाँ आई, exactly." श्रीपतराव त्या दिवशी जरा कमी जेवले.

तर ह्या मार्चात काय झालं, देवयानीच्या पांढऱ्या पुडीनं, म्हणजे ज्या पुडीवरून मिथेन सोडायचा त्या पुडीनं, काम केलं. यंत्रावर मेथॅनॉलची रेघ चांगली टोकदार वर आली. तिच्या मार्गदर्शक पद्मिनी मॅडम, बाई कडक, कौतुक औषधाला नाही, त्याही "ठीक है" म्हणाल्या आणि बंगळुरूच्या परिषदेत तिचं भाषण ठरवून टाकलं. मग श्रीपतरावांना कोण आवरणार? हा माणूसही तसाच हो. हलत नाही, आणि हलला की थांबत नाही. भंडाऱ्याला भावाला फोन, "जय भीम दादा, पोरीनं मिथेन हलवला." अमीनाबादला गेले, पोरीसाठी साडी घ्यायला, तर दुकानदारानं गादीवर पंधरा साड्या पसरल्या आणि हे त्याला सांगतायत की ह्या साडीचा धागासुद्धा उद्या मिथेनपासून होईल. तो म्हणतो, "हुज़ूर, फ़िलहाल तो रेशम है, देख लीजिए."

आणि मग तो मंगळवार. संध्याकाळी देवयानी घरी आली, चप्पल काढली आणि तिथेच, दाराशी, स्टुलावर बसली. म्हणाली, "बाबा, गड़बड़ है."

झालं होतं असं, की पेपर लिहायच्या आधी खात्री म्हणून तिनं मिथेनऐवजी नुसता नायट्रोजन सोडून पाहिला. नायट्रोजनमध्ये कार्बन नाही, म्हणजे मेथॅनॉल यायचं कारणच नाही. आणि रेघ आली. का आली? तर ती पूड तयार करताना शेवटी धुतात, आणि धुतात कशानं, मेथॅनॉलनं. पुडीच्या बारीक बारीक भोकांत ते अडकून राहिलेलं. म्हणजे विहिरीत आपणच घागर ओतायची आणि पाणी लागलं म्हणून नारळ फोडायचा.

"सगळंच?" श्रीपतरावांनी विचारलं.

"पता नहीं. शायद सब."

"मॅडमना माहीत आहे?"

"कल बताऊँगी."

आणि इथे, तुम्हाला सांगतो, श्रीपतरावांच्या तोंडून एक वाक्य गेलं. "नायट्रोजनचं कुणाला कळणार आहे?"

पोरीनं वर पाहिलं. रागानं नाही, दमलेल्या डोळ्यांनी. "बाबा, मुझे तो पता है ना."

गयाबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांचं लाटणं थांबलं. ज्या माणसानं एकतीस वर्षांत एका खोट्या हजेरीवर सही केली नाही, त्यापायी तीन बदल्या झेलल्या, आणि ह्याच गोष्टी सांगून सांगून पोरीला वाढवलं, तो माणूस घरात उभा राहून काय बोलून बसला? ते गॅलरीत गेले, वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, पुन्हा आत आले आणि म्हणाले, "उद्या मी स्कूटरवर सोडतो तुला."

सोडलं. प्रयोगशाळेसमोरच्या टपरीवर चार चहा झाले. देवयानी बाहेर आली ती पडेल चेहऱ्यानं, पण ताठ. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "अच्छा हुआ हमने पकड़ा." भाषण मागे घेतलं. एक खास मिथेन मागवला. त्यातला कार्बन किंचित जड असतो, म्हणजे शिक्का मारलेलाच म्हणा. पुडीतलं जुनं मेथॅनॉल हलकं निघणार, आणि मिथेनचं झालेलं असेल तर जड. लपवाछपवीला जागाच नाही.

तो गॅस यायला सात आठवडे. ह्या सात आठवड्यांत श्रीपतरावांनी भाजीला जायचा रस्ता बदलला. दादाचा फोन आला की "रेंज नाही." मधे एकदा लखनौबाहेर बख्शी का तालाबला एअर फोर्समधल्या एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेले, तिथल्या विजयाताईंनी सहज विचारलं, "काय म्हणतोय देवयानीचा गॅस?" तर श्रीपतरावांनी भाकरी घशाशी अडकल्याचं सोंग केलं, आणि ते सोंग इतकं वठलं, की यजमानांनी पाठीत दोन गुद्दे घातले. आणि घरी पोरगी गप्प. जेवते, झोपते, जाते. रिझल्टचं नाव नाही. हलत नाही, तर हलतच नाही.

मग मेच्या शेवटी, भर दुपारी, ते तिला आणायला गेले आणि ती जिन्यावरून धावत खाली आली. इतकी मोठी पोरगी, दोन-दोन पायऱ्या गाळत.

"बाबा, अट्ठाईस."

"काय अठ्ठावीस?"

"सौ में अट्ठाईस जड आहेत. शिक्क्याचे. बहात्तर पुडीतलं होतं, पण अठ्ठावीस खरं आहे. हुआ था, बाबा. सच में हुआ था."

श्रीपतरावांनी घाईघाईनं किल्ली लावली. स्कूटरला किक मारायला गेले, पाय तीनदा घसरला. शेवटी देवयानीनंच स्कूटर चालवली आणि हे मागे बसून लखनौच्या त्या लूमध्ये, भट्टीसारख्या वाऱ्यात, गारवा लागल्यासारखे डोळे मिटून घरापर्यंत आले. शंभराचं कौतुक मार्चात झालं होतं, पण खरं सांगतो, तेव्हा असं वाटलं नव्हतं. त्या रात्री गयाबाईंनी दोनदा वाढलं आणि त्यांनी दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माणूस निघाला. कुठे? तर ज्याला ज्याला मार्चात शंभर सांगितलं, त्याला त्याला अठ्ठावीस सांगायला. आधी शेजारचे तिवारीजी. श्रीपतरावांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, नायट्रोजन, शिक्का, जड, हलकं, आपली चूक, पोरीचा खरेपणा, काही राखून ठेवलं नाही. तिवारीजींनी पेपर खाली ठेवून शांतपणे ऐकलं.

"गजभिये जी, सच बताएँ? हम तो समझे थे बिटिया गैस एजेंसी खोल रही है. अब बता ही रहे हैं तो... हमारा सिलेंडर बारह दिन से नहीं आया."

श्रीपतरावांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "बुकिंग नंबर बोलिए."