हाताच्या मापाची मूठ

मोरेश्वर : हाणू नकोस रे तो स्क्रू. डोकं झिजलं की बसशील बोंबलत.

यतीन : हाणत नाहीये काका. स्लॉटमध्ये काहीतरी लाल अडकलंय. रस्ट आहे बहुतेक.

मोरेश्वर : माझ्या हत्याराला गंज? कुंकू आहे ते. दर खंडेनवमीला आमच्या मॅडम पूजेत मांडतात.

नीलांबरी : मांडते. तुमचे पाने, व्हर्नियर, सगळं मांडते, तसं तेही. जन्मभर मशीनं डिझाइन केलीत, हत्यारांना एक दिवस फूल वाहिलं तर काय बिघडलं? यतीन, चहा गार होतोय. आणि ती बंदूक रिकामी आहे ना? नीट बघितलंस?

यतीन : हो काकू, आल्या आल्या तेच चेक केलं. गोळ्या कुठे आहेत पण?

मोरेश्वर : हिला विचार. लपवल्यात.

नीलांबरी : लपवल्यात. कुठे ते सांगणार नाही.

मोरेश्वर : बघ. आता मूठ खाली ओढ, सावकाश. आत स्प्रिंग दबून बसलीय. मागे एकदा माझ्या हातून एक उडाली, ती अजून या कार्पेटमध्ये असेल.

यतीन : ओके... आली फ्रेम. बाप रे, केवढी हेवी आहे! आणि हे लाकूड बघा काका, अंगठ्यापाशी कसलं काळं गुळगुळीत झालंय.

मोरेश्वर : माझ्या तळव्याचं तेल ते. दर शनिवारी नेमबाजीची रेंज. क्लबातले गोरे म्हातारे मला 'मो' म्हणायचे.

नीलांबरी : म्हणतील नाहीतर काय. पायात कोल्हापुरी आणि डोक्यावर काउबॉयची टोपी. मंडळाच्या गणपतीलाही तीच घालून निघाले होते, मी दारातून परत फिरवलं.

यतीन : नवी फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, खूप लाइट. आणि मूठ छोटी. फोरमवर सगळे म्हणतात, छोट्या हातांसाठी बेस्ट. अंगठा सरळ घोड्यापर्यंत पोचतो.

मोरेश्वर : माझा हात छोटा नव्हता रे.

यतीन : काका, मला तसं म्हणायचं नव्हतं, यार...

मोरेश्वर : असू दे. हे बघ, अंगठ्याच्या बुडाशी गादी असते ना, तुझ्या आहे बघ, तिथे माझ्या खड्डा पडलाय. गेल्या दिवाळीला इथे मांस होतं. या आजारात असंच वाळत जातं.

नीलांबरी : त्या थेरपीवाल्या बाईंनी चमच्याच्या दांड्यावर फोम चढवून दिलाय, जाड, धरायला सोपा. त्याला हे शिवत नाहीत. मी भरवते. आणि पिस्तुलाची मूठ मात्र बदलून हवी.

मोरेश्वर : रिव्हॉल्व्हर. पिस्तूल नव्हे.

नीलांबरी : मला काय फरक पडतो?

मोरेश्वर : पडतो. याचा घोडा दर वेळी अंगठ्यानं मागे ओढावा लागतो. नुसता चाप दाबून काही होत नाही. अंगठा नसेल तर हे नुसतं लोखंड.

नीलांबरी : यतीन, खरं सांग. कशाला हवंय म्हणाले तुला?

यतीन : शनिवारी रेंजवर जायचंय म्हणाले. एकदा शेवटचं. म्हणजे... एकदा.

नीलांबरी : शर्टाचं बटण लावता येत नाही तो माणूस रेंजवर जाणार. आणि तुला पटलं?

यतीन : मला वाटलं, काकांना जरा बरं वाटेल.

नीलांबरी : अहो, त्याच्यासमोर सांगा. कशाला हवंय?

मोरेश्वर : स्क्रू आवळ रे तू.

नीलांबरी : थांब. आवळू नकोस. सांगा.

मोरेश्वर : काय सांगू? आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत, सगळं बघायला. भीती वाटते मला. एक गोष्ट तरी माझ्या हातात राहावी असं वाटलं.

यतीन : काका... त्यासाठी बोलावलंत? मला?

मोरेश्वर : दुसऱ्या कोणाला बोलावू? मला स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही.

यतीन : मी नाही करणार. सॉरी. ऑफिसातून धावत आलो मी, मुलाची प्रॅक्टिस कॅन्सल केली. इथे अमेरिकेत, या अल्फारेटात मला तुमच्याशिवाय वडीलधारं कोण आहे? मी जातो.

नीलांबरी : जाऊ नकोस. लाव ती मूठ.

यतीन : काकू?

नीलांबरी : लाव आणि दे त्यांच्या हातात. रिकामंच आहे. नाहीतर उद्या दुसरी मागवतील, परवा तिसरी. रोज सकाळी यांच्या हाताची आखडलेली मूठ मी उघडते. त्या अंगठ्यात काय उरलंय ते मला विचारा. यांना अजून माहीत नाही.

यतीन : ...झाली फिट. घ्या काका.

मोरेश्वर : हां. छान बसलीय. अगदी मापात. अंगठा पोचतोय बघ. नीलू, पोचतोय!

नीलांबरी : ओढा.

मोरेश्वर : ओढतोय.

नीलांबरी : ओढा ना.

मोरेश्वर : ओढतोय गं.

यतीन : काकू, पुरे. प्लीज.

मोरेश्वर : हलत नाही.

(मोरेश्वर रिव्हॉल्व्हर मांडीवर टेकवतात.)

मोरेश्वर : हाताखालच्या पोरांना सांगायचो, मशीन माणसाच्या मापाचं करा. केलं. मापात चूक नाही. माणूसच उरला नाही.

नीलांबरी : घोडा हलू नये म्हणून देवाला हात जोडत होते मी. नाही हलला. आता हेही बघवत नाही मला.

मोरेश्वर : रडू नकोस. यतीन, हे घेऊन जा. तुझ्या घरी कुलपात ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस. चिडलो, रडलो, तरी नाही.

यतीन : नाही देणार. पण डॉक्टरांना सगळं सांगायचं काका, आत्ता मला सांगितलंत तसं. मी ड्राइव्ह करतो, मी सोबत बसतो.

मोरेश्वर : सांगेन. बोलता येतंय तोवर मीच सांगेन. त्यानं पुढचं काही थांबणार नाहीये, पण सांगेन.

यतीन : आणि जुनी मूठ? तीही नेऊ?

नीलांबरी : ती मला दे. पुसू नकोस, तशीच दे.

मोरेश्वर : काय करणार आहेस तिचं?

नीलांबरी : काही नाही. राहू दे माझ्याकडे. पण येत्या खंडेनवमीला पूजेत काय मांडू तुमचं?

मोरेश्वर : चमचा मांड. तो जाड दांड्याचा. फूल मात्र तूच वाहा, मला नाही जमायचं.