दसऱ्याच्या पूजेत बदललेला बोल्ट

दिनांक २६ नोव्हेंबर २०१९

नाव चिमण हिरू धोडी, वय ५९ वर्षे, धंदा शेती, राहणार वरचा पाडा, तालुका तलासरी, जिल्हा पालघर.

जावयाच्या डोळ्याला झालेल्या दुखापतीबाबत मला ठाण्यात बोलावले, त्यावरून समोर बसून सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको लाडकी हिच्यासह राहतो व भात आणि नागली पिकवतो. मुलगी योगिता हिला ओढ्यापलीकडे खालच्या पाड्यात दिली आहे. जखमी मुकेश लहान्या वरठा हा तिचा नवरा. आमची दोघांची शेते डोंगराला लागून असून रानडुकरांचा त्रास आहे. कागदावर त्रास असेच लिहितात म्हणून मीही तसे सांगतो. उभे भात लोळवून, तुडवून, वर त्यातच बसून जातात, त्याला आमच्या घरात वेगळे शब्द आहेत.

पीक राखण्यासाठी आम्हा दोघांना रायफलीचा परवाना आहे. पालघर जिल्हा तेव्हा नवा झाला होता, परवान्याचे कागद जुन्या जिल्ह्यात की नव्या जिल्ह्यात यातच बराच काळ गेला. शेवटी २०१५ साली नाशिककडच्या एका निवृत्त सुभेदारांकडून दोन रायफली रीतसर विकत घेतल्या. दोन्ही लष्करातून निघालेल्या जुन्या, नळी बदलून परवान्यात बसतील अशा केलेल्या. सुभेदारांच्या मुलांना त्या नको होत्या. त्यांनी घोंगडीवर दोन्ही ठेवल्या आणि देण्याआधी आम्हा दोघांचा अंगठा नंबरावरून फिरवून घेतला. एक नंबर नळीपाशी आणि तोच मागच्या बोल्टच्या दांडीवर. बोल्ट मागेपुढे सरकवला की काडतूस आत जाते आणि नळीचे तोंड मागून बंद होते. सुभेदार म्हणाले, "एका नंबरची जोडी आहे. फोडलीत तर बंदूक तुमच्यावरच उलटेल." एका जात्याची वरची तळी दुसऱ्या जात्यावर ठेवली तर फिरते, पण नीट बसत नाही, तसे हे आहे. माझ्या रायफलीचा नंबर सहाने संपतो, मुकेशच्या रायफलीचा एकने.

पहिला बार आम्ही ओढ्यात मातीच्या दरडीवर काढला. मुकेशच्या खांद्याला असा दणका बसला की तो मागे सरकून पाण्यातच बसला आणि हसत सुटला. मग मीही हसलो. हे जबाबात लागत नाही असे लिहिणारे हवालदार म्हणाले. मी म्हणालो, लिहा, दोन डोळे असलेला माणूस होता तो.

दर दसऱ्याला दोन्ही रायफली माझ्या घरी पाटावर मांडून पूजा व्हायची. योगिता हळदकुंकू लावायची ते लाकडाला. नंबराला आणि बोल्टला फक्त तेलाचा हात, कुंकू नाही, कारण कुंकू खाचेत बसले की नंबर वाचता येत नाही. ही आमच्या घरची रीत आहे आणि ती सुभेदारांनी घालून दिली.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. ते आम्ही कधी चुकवले नाही. गेल्या वर्षी पोटनिवडणूक झाली, या वर्षी उन्हाळ्यात लोकसभा झाली, आणि पाठोपाठ भात पोटरीत असताना विधानसभा आली. डुकरांना आचारसंहिता लागत नाही. एरवी रायफल आहे तशी जमा होत असे. या वेळी वरून हुकूम आहे असे सांगून बोल्ट काढून घेतले व वेगळ्या गोणीत ठेवले. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांनी प्रत्येक बोल्टला नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधली. त्या वेळी काम नीट झाले, हे मी मान्य करतो. बाकीची जमा हत्यारे एकनळी होती. बोल्टच्या रायफली आमच्या दोनच.

दसऱ्याच्या दिवशी मी ठाण्यात आलो होतो. खालच्या बाजूचे भात डुकरांनी खाल्ले होते, रायफल लवकर मिळेल का ते विचारायचे होते. त्या वेळी ठाण्यात शस्त्रपूजा चालली होती. टेबलावर पांढरी चादर घालून ठाण्याची हत्यारे व आमची जमा हत्यारे मांडली होती, वर झेंडूच्या माळा होत्या. आमच्या दोन रायफली बोल्टशिवाय होत्या. पूजा सांगणारे म्हणाले की खंडित शस्त्राची पूजा करत नाहीत. ते खरेच आहे, आमच्याकडेही करत नाहीत. म्हणून गोणी आणली. बोल्ट तेलाने पुसले, पुसताना चिठ्ठ्या निघाल्या, आणि ज्यात जो गेला त्यात तो बसवला. मी दाराबाहेर चपला काढून उभा होतो. तिथून नंबर दिसत नाही. मला पेढा व आपट्याची पाने मिळाली. मीसुद्धा हात जोडले.

मतमोजणी व दिवाळी झाल्यावर हत्यारे परत मिळू लागली. बोल्ट पूजेपासून बसवलेलेच राहिले होते. पाऊस लांबल्याने भात उशिरा कापले, ते खळ्यावर ओलेच पडले होते. म्हणून मुकेश पहिल्याच दिवशी येऊन आपली रायफल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलो. मुद्देमालाच्या हवालदारांनी रायफल पुढे केली. सवयीने अंगठा फिरवला तर दांडीच्या खाचेत कुंकू सुकलेले. नखाने कोरून पाहिले तर शेवटी एक. तो मुकेशचा बोल्ट होता.

मी लगेच सांगितले की माझा बोल्ट मुकेशच्या रायफलीत गेला असणार, तो बार काढील, आत्ताच्या आत्ता निरोप द्या. हवालदारांनी नंबर पाहिला. त्यांना कळले, तोंडावरून दिसले. पण ठाण्याची गाडी झाईला सीमेवरच्या तपासणी नाक्यावर गेली होती. त्यांनी मुकेशला फोन लावला, तो बंद. मला म्हणाले, "काका, उद्या दोघं या, बदलून देतो. आता सही करा." सुस्थितीत मिळाली अशा मजकुरावर सही मागत होते. मी केली नाही. रायफल तशीच टेबलावर सोडून मी निघालो. ती रायफल आजपर्यंत इथेच आहे.

ठाण्याजवळच्या नाक्यावर भाड्याची जीप उभी होती. ती भरल्याशिवाय निघत नाही. ड्रायव्हरला मी सांगितले की बाबा, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, सगळ्यांचाच असतो. मी खाली उतरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत होतो, चला, चला, बसा. एक बाई कोंबड्या घेऊन आली, तिच्या कोंबड्या मी मांडीवर घेतल्या. रिकाम्या जागेचे भाडे मी देतो म्हणालो, तरी तो पान खात उभा राहिला. त्या जीपचा मला अजून राग आहे. तिचा यात काही दोष नाही, हे लिहा, पण राग आहे.

फाट्यावर उतरून मी बांधावरून पळत गेलो. दिवस मावळत होता. मुकेशचे खळे दिसू लागले तेव्हा आवाज झाला. बाराचा आवाज डोंगरावर जाऊन परत येतो. हा आला नाही, जागच्या जागी फुटल्यासारखा झाला. शेजारची जिजा घराबाहेर धावली आणि ओरडली की पुन्हा हादरा आला. आमच्याकडे वर्षभर भूकंपाचे हादरे चालू आहेत, त्यामुळे कसलाही आवाज झाला की माणसे आधी अंगणात येतात.

मुकेश खळ्यावर गुडघ्यांवर बसला होता. हात तोंडावर होते आणि बोटांतून रक्त येत होते. डुकरे खळ्याकडे उतरली म्हणून त्याने वर आभाळाकडे एकच बार काढला होता. काडतुसाची पितळी नळी मागून फाटली आणि जाळ उलटा तोंडावर आला. मी त्याला धरले तेव्हा तो म्हणाला, "मामा, बोल्ट ढिला लागत होता. मना वाटला, पूजेचा तेल जास्त झाला." मग तो डुकरे गेली का ते विचारू लागला. आम्ही त्याला शेजाऱ्यांच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेले. उजवा डोळा काढावा लागला. डाव्याने त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही.

मला विचारले की मुकेश घरी काडतुसे भरत होता काय. नाही. पुन्हा विचारले. नाही. फुटलेले काडतूस मी स्वतः ठाण्यात आणून दिले. त्याच्या बुडाशी कारखान्याची खूण आहे, ती पाहावी. ताडी प्यायला होता काय, असे विचारले. प्यायला नव्हता. मुकेशने नंबर न पाहता सही का केली, हे विचारले. त्याचे उत्तर असे की नंबराच्या खाचेत कुंकू होते, आणि ठाण्यातून पूजा होऊन आलेल्या हत्यारावर कोण संशय घेतो. माझा अंगठा सवयीने फिरला म्हणून कळले, नाहीतर मीही ते कपाळाला लावून घेऊन गेलो असतो. त्याने नखाने कोरून पाहायला हवे होते, असे आता बोलायला सोपे आहे.

मुकेशवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करणार आणि त्याचा परवाना रद्द करणार, असे माझ्या कानावर आले आहे. परवान्याचे मला काही नाही, उजेडच कळणाऱ्या एका डोळ्याने तो काय नेम धरणार. पण डोळाही गेला आणि आरोपीही तोच, हे मला मान्य नाही. उद्या योगिताला लोकांनी विचारले तर तिने काय सांगायचे? दवाखान्यात तिने मला एकच विचारले, "आबा, त्याच्या बंदुकीत तुमचा बोल्ट व्हता ना?" मी हो म्हणालो. ती पदराने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत बसली. दोन्ही रायफली मीच पसंत केल्या होत्या, आणि त्याच्यावर उलटला तो माझ्या रायफलीचा बोल्ट.

पूजेच्या दिवशी कोणाच्या मनात वाईट नव्हते, हेही मी सांगतो. मुद्देमालाचे हवालदार दवाखान्यात आले होते, बाहेर बाकावर बसून गेले, आत आले नाहीत. माझी तक्रार त्यांच्या हेतूबद्दल नाही. नंबर मी दाखवला तेव्हा त्यांनी तो पाहिला होता, एवढेच त्यांनीही आपल्या जबाबात सांगावे.

आता जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आहे आणि मला रायफल जमा करण्याची नोटीस आली आहे. ती जमाच आहे, मी उचललेलीच नाही. आज मला ती दाखवली. बोल्ट मुकेशचाच आहे आणि खाचेत कुंकू आहे. ते पुसू नये, बोल्ट काढू नये, दुसऱ्या कशात बसवू नये, अशी माझी विनंती आहे. पुढचा दसरा आला तरी.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसा आहे. फक्त मुकेशने बार काढल्याचे वाचताना मध्ये "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे" असे शब्द आले. ते मी बोललो नव्हतो. मी पुन्हा वाचायला लावले, पुन्हा तेच आले. लिहिणाऱ्या हवालदारांनी मान वर न करता ते शब्द खोडले आणि साहेब बसतात त्या आतल्या खोलीकडे पाहिले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व बरोबर आहे.

चिमण हिरू धोडी